वरच्या खोलीतलं फ्रेंच

ती आमच्या दारात पहिल्यांदा आली तेव्हा भर दुपार होती. सोबत तिच्या कॉलेजच्या वसतिगृहाची वॉर्डन होती, शाळेत माझ्या हाताखाली शिकलेली. ती तमिळमध्ये म्हणाली, "टीचर, ही मुलगी मॉरिशसहून आलीय. हॉस्टेल हिला मानवत नाही, दर महिन्याला आजारी पडते. हिच्या कागदावर मातृभाषा काय लिहिलीय माहीत आहे? मराठी! म्हटलं, तुमच्या लोकांशिवाय हिला इथं कोण विचारणार?"

मी मुलीकडे पाहिलं. उंच, सावळी, घामाने डबडबलेली, दोन्ही हातांत पिशव्या. मी आमच्या घरच्या बोलीत विचारलं, "तुज मराठी येतं की?"

"होय. मला थोडी थोडी मराठी येते," ती म्हणाली. "घरी आम्ही क्रेओल बोलतो. मराठी मी शाळेत शिकले."

धडा वाचून दाखवावा तसं एकेक शब्द सुटा करून ती बोलली. मला हसू आवरलं नाही. आणि मी हसले तशी तीही हसली, कारण तिला माझं 'तुज' गमतीचं वाटलं होतं.

आम्ही कुंभकोणमचे मराठी लोक बाहेर तमिळ बोलतो आणि उंबऱ्याच्या आत ही जुनी भाषा. महाराष्ट्रातला पाहुणा आला तर त्याला ती पोथीतली वाटते. माझे पूर्वज तंजावरच्या राजाच्या पदरी कारकून म्हणून आले, एवढंच मला ठाऊक आहे. तिचे रत्नागिरीकडून बोटीने ऊस तोडायला गेले, एवढंच तिला. दोन्हीकडचं कुणी परत फिरलं नाही. आता मी लिहिते आहे ती पुस्तकं वाचून कमावलेली मराठी. आम्हा दोघींचं जे बोलणं चालायचं ते कागदावर उतरवणं कठीण आहे. ती म्हणायची, "मला पाणी हवे आहे." मी म्हणायची, "मजला सांगायचें की." अडलं की दोघी इंग्रजीत शिरायचो, आणि तिथेही अडलं की हातवारे.

वरची खोली माझ्या मुलीची. मुलगी कॅनडात शिकायला गेल्यापासून ती बंदच होती. आम्ही ती हिला दिली. आमच्या घरी हे बँकेतून निवृत्त झालेले, नियमाला पक्के. परदेशी माणूस घरात ठेवला की त्याची माहिती लगेच सरकारला ऑनलाइन कळवावी लागते, हे मला माहीतही नव्हतं. ह्यांनी त्याच संध्याकाळी तिचा पासपोर्ट मागून घेतला, चष्मा चढवला आणि फॉर्म भरून मोकळे झाले. "आता पोरगी आपल्या घरची, कायद्यानं," असं म्हणाले.

तिचे वडील मॉरिशसमध्ये बस चालवायचे. आई लोकांच्या घरची शिवणकामं करायची. एकुलती एक मुलगी इंजिनियर व्हावी म्हणून त्यांनी एका दलालामार्फत तिला इथे पाठवलं होतं. दलालाने सांगितलं होतं की कॉलेज चेन्नईजवळ आहे. ते आहे पापनाशमच्या अलीकडे, भाताच्या शेतांच्या मधोमध. चेन्नईला जायचं तर रात्रभर गाडीत बसावं लागतं. "पहिल्या दिवशी मी बसमधून उतरले आणि समुद्र कुठे आहे विचारलं," ती सांगायची. "सगळे हसले."

रविवारी सकाळी मुलीचा कॅनडाहून फोन यायचा. टेबलावर फोन उभा करून आम्ही तिघं समोर बसायचो. हळूहळू माझ्या मुलीला आमच्यापेक्षा हिच्याशीच जास्त बोलायचं असायचं. दोघी परदेशात शिकणाऱ्या, दोघींचं दुखणं एकच. थंडी कशी, जेवण कसं, घरमालक कसा. माझी मुलगी तिथे विद्यापीठाच्या वाचनालयात पुस्तकं लावायचं काम करायची.

"तुला काम करू देतात?" हिने विचारलं होतं.

"देतात की. आठवड्याला ठरलेले तास, त्याच्या वर नाही," माझी मुलगी म्हणाली. "आणि वर्षाच्या शेवटी टॅक्सचं रिटर्न भरायचं. पगार किती का थोडा असेना, भरायचंच. कापलेला टॅक्स परतसुद्धा येतो. इथे काही मुलं हॉटेलात रोखीनं काम करतात, कुठे नोंद नाही. मालक पैसे बुडवतो आणि तक्रार करायची सोय नसते. आपण सगळं दाखवून करावं. मग कुणी बोट दाखवत नाही."

मुलगी जे बोलली ते ती राहत होती त्या देशापुरतं खरं होतं. हिने ते लक्षपूर्वक ऐकलं. मी तेव्हा दूध तापवत होते, पण तिचा चेहरा मला आठवतो. कुणी वाट दाखवली की माणूस ऐकतो तशी ती ऐकत होती.

तिसऱ्या वर्षाच्या मध्यावर तिच्या वडिलांना पक्षाघात झाला. डावी बाजू गेली. तिने हे मला स्वयंपाकघरात सांगितलं, शेवग्याचा पाला निवडता निवडता. काड्या एका बाजूला, पानं एका बाजूला, हात थांबले नाहीत. म्हणाली, "काकी, पपा आता बस चालवू शकणार नाहीत."

"घरी जाऊन ये," मी म्हटलं.

"आई म्हणते येऊ नकोस. तिकिटाच्या पैशात औषधं येतील. आई म्हणते शिक्षण पूर्ण कर."

त्यानंतर ती दुपारी जेवेनाशी झाली. कॉलेजात खाऊन आले म्हणायची. मी एकदा वॉर्डनला विचारलं तर तिने नकारार्थी मान हलवली. मग मी सकाळीच डबा भरून तिच्या हातात द्यायला लागले. भाड्याचं नावही ह्यांनी काढलं नाही. पण कॉलेजची फी आम्ही देऊ शकत नव्हतो. आम्हीही मुलीच्या शिक्षणाचं कर्ज फेडत होतो.

आमच्याच गल्लीत एक नर्स राहायची, खासगी दवाखान्यातली. तिला कॅनडाला जायचं होतं आणि फ्रेंच आलं तर अर्जाला वजन येतं असं तिला कुणी सांगितलं होतं. तिने हिला जिन्यात गाठून विचारलं, "तुमच्या देशात फ्रेंच बोलतात ना? मला शिकवाल?" हिने शिकवायला सुरुवात केली. पहिले काही आठवडे फुकट. मग नर्सनेच जबरदस्तीने पैसे दिले आणि सोबत दुसरी नर्स आणली. मग जवळच्या आडुतुरै गावाहून एक नवरा-बायको यायला लागले, त्यांचं बियाण्यांचं दुकान होतं. मग नोकरी न लागलेले दोन इंजिनियर. बघता बघता संध्याकाळी वरच्या खोलीच्या दाराशी चपलांचा ढीग साचायला लागला.

मी खाली रसमला फोडणी देत असायची आणि वरून मोठमोठी माणसं बालवर्गासारखी एका सुरात आकडे म्हणायची. त्यांचे उच्चार तमिळ वळणाचे, ती न कंटाळता दुरुस्त करायची. शिकवण्याची हातोटी तिला उपजत होती. चाळीस वर्षं मी गणित शिकवलं, म्हणून सांगते. दुकानदाराची बायको सातवीत शाळा सुटलेली. ती एके दिवशी खाली येऊन माझ्यासमोर उभी राहिली आणि स्वतःचं नाव, गाव, नवऱ्याचा धंदा, सगळं फ्रेंचमध्ये बोलून दाखवून लाजून पळाली.

ह्यांच्या मनात मात्र शंका होती. एकदा जेवताना ह्यांनी विचारलं, "तुझ्या व्हिसात काम करणं बसतं का? विचारलंस कुणाला?"

"दलालाला विचारलं, काका. तो म्हणाला, नोकरी करायची नाही. शिकवणी म्हणजे नोकरी नव्हे."

हे पुन्हा भात कालवायला लागले. आमच्याकडे शिकवणीला कुणी काम समजतच नाही. दर दोन घरांआड एका घरात शिकवणी चालते.

मग चेन्नईच्या एका कंपनीने तिला घरबसल्या, कॉम्प्युटरवरून फ्रेंच शिकवायला घेतलं. कुणा विद्यार्थ्यानेच तिचं नाव सुचवलं होतं. त्यांनी पॅन कार्ड मागितलं, ते परदेशी माणसालाही मिळतं, तिने काढलं. मानधन तिच्या खात्यात जमा व्हायला लागलं, टॅक्स कापून. त्या दिवशी ती पायऱ्या उतरून धावत आली.

"काकी, माझा टॅक्स कापला!"

टॅक्स कापला म्हणून आनंदलेलं माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. तिला वाटलं, आता ती कुणाच्या मेहेरबानीवर रोखीने काम करणारी राहिली नाही. आता ती नोंदीतली, दाखवून काम करणारी. माझ्या मुलीने सांगितलं होतं तशी.

आर्थिक वर्ष संपल्यावर तीच ह्यांच्या मागे लागली, "काका, रिटर्न भरायचं आहे." मोठ्या वीथीवर, म्हणजे गावच्या मोठ्या रस्त्यावर, ह्यांच्या ओळखीचे ऑडिटर होते, लोकांचे टॅक्सचे कागद भरून देणारे. मीही सोबत गेले, मला तिथून जवळच भांडी घ्यायची होती. ऑडिटरने तिचं पॅन पाहिलं, बँकेचे कागद पाहिले आणि म्हणाले, "परदेशी नागरिक असली तरी हरकत नाही. इथं राहते, इथं कमावते, तर रिटर्न इथं भरायचं. टॅक्स बसतच नाही. कापलेला परत मिळेल."

"शिकवणीचे पैसेपण लिहा, सर," ती म्हणाली. "ते फोनवरून खात्यात येतात."

ऑडिटर हसले. "ते कुणी लिहीत नाही, पोरी."

"लिहा," ती म्हणाली.

त्यांनी लिहिलं. त्यांचं काम टॅक्सचं होतं आणि ते त्यांनी बिनचूक केलं. तिच्या पासपोर्टात काय आहे हे त्यांनी विचारलं नाही, विचारायचं कारणही नव्हतं.

परतावा खात्यात आला तेव्हा तिने गल्लीत जांगिरी, म्हणजे इकडची उडदाची जिलबी, वाटली. वरच्या खोलीतल्या विद्यार्थ्यांना, वॉर्डनला, सगळ्यांना. मला म्हणाली, "सरकारनं मला पैसे परत पाठवले. म्हणजे सरकारला माहीत आहे मी काम करते, आणि सरकारला चालतं." मलाही ते पटलं. ह्यांनाही पटलं असावं, कारण त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

तिचा व्हिसा अभ्यासक्रमापेक्षा एका वर्षाने कमी मुदतीचा होता. ती दलालाची आणखी एक करामत. शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीला मुदत वाढवून घ्यायची होती. अर्जात एक प्रश्न होता: खर्च कोण करतं, पैसे कुठून येतात. पहिल्या व्हिसाला तिने वडिलांच्या पगाराचा दाखला लावला होता. आता पगार नव्हता. तिने स्वतःच्या खात्याचे कागद लावले आणि त्यावर, सगळ्यात वर, टॅक्सच्या रिटर्नची पावती. ह्यांनी एकेक पान नीट सरळ करून स्कॅन केलं. आम्हा तिघांनाही वाटत होतं की हे कागद तिच्या बाजूने बोलतील.

काही आठवड्यांनी परदेशी लोकांचे व्हिसा बघणाऱ्या चेन्नईच्या ऑफिसातून बोलावणं आलं. मी सोबत गेले. ह्यांचे गुडघे तेव्हा दुखत होते. गाडीत तिने माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोप काढली. तिला भीती वाटत नव्हती, मला तर नाहीच.

ऑफिसात समोर एक बाई अधिकारी होत्या, माझ्यापेक्षा दहा-पंधरा वर्षांनी लहान. आवाज चढवला नाही, बसायला खुर्च्या दिल्या. कागद उलटून त्यांनी इंग्रजीत विचारलं, "हे उत्पन्न तुझं आहे?"

"होय मॅडम."

"कशाचं?"

"फ्रेंच शिकवते. थोडं घरी, थोडं ऑनलाइन. सगळं दाखवलं आहे. टॅक्सही भरला आहे."

बाईंनी रिटर्नची पावती पुन्हा वर काढली. मग त्यांनी विचारलं, "स्टुडंट व्हिसावर पैसे घेऊन काम करता येत नाही, हे तुला कुणी सांगितलं नव्हतं?"

"पण मॅडम, मी टॅक्स भरला आहे. सरकारनं मला परतावा दिला."

"टॅक्सचं खातं वेगळं, आमचं वेगळं. पैसे मिळाले की टॅक्स भरायचा, एवढंच ते बघतात. काम करायची परवानगी होती का, ते आम्ही बघतो."

"मी लपवलं नाही," ती म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "काहीच लपवलं नाही."

"लपवलं नाहीस, म्हणून तर हे माझ्यासमोर आलं," बाई म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. त्या थकल्यासारख्या दिसत होत्या. मग माझ्याकडे वळून तमिळमध्ये म्हणाल्या, "अम्मा, तुम्ही हिच्या घरमालकीण ना? मी वर लिहून पाठवते, पण आशा ठेवू नका. हिला सांगा, आजपासून शिकवणं बंद."

बाहेर आल्यावर ती फुटपाथवर उभी राहिली. शेजारून बसगाड्या जात होत्या. तिने मला विचारलं, "काकी, नियम माहीत नव्हता हे खरं आहे. पण मी विचारायला पाहिजे होतं ना, दलालाला नाही, ह्या ऑफिसात?"

मी म्हटलं, "कोठे विचारणार होतीस? ह्या ऑफिसाचा पत्ता तुज आज कळला."

ते तिचं समाधान करण्यापुरतं होतं. पत्ता ऑनलाइन होता, सगळं ऑनलाइन होतं. पण इतकी वर्षं या गावात राहून मलाही सरकारचं कुठलं खातं कुठल्या खात्याशी बोलतं आणि कुठल्याशी बोलत नाही हे कधी कळलं नाही, तर तिला परक्या देशात काय कळणार होतं?

शिकवणी त्याच संध्याकाळी थांबली. दाराशी चपला दिसेनाशा झाल्या. दुकानदार नवरा-बायको दोनदा येऊन गेले, काही मदत हवी का विचारायला. त्या दोघा इंजिनियरांपैकी एकाने मात्र जिन्यात उभं राहून उरलेल्या महिन्याचे पैसे परत मागितले, आणि तिने दिले. कंपनीने एका ओळीचा संदेश पाठवून तिचं काम बंद केलं. कॉलेजने सांगितलं की मुदत वाढल्याचा कागद आल्याशिवाय परीक्षेचा अर्ज घेता येणार नाही. ती रोज कॉलेजला जायची, वर्गात बसायची, पण हजेरी लावणं त्यांनी थांबवलं होतं. मग एके दिवशी जाणंही थांबलं.

ह्यांनी पत्रं लिहिली. बँकेच्या भाषेत, क्रमांक घालून, आदरपूर्वक. उत्तर एकच यायचं: अर्ज विचाराधीन आहे. ती खोलीत पडून असायची. मी कडप्पा केला तर खाली यायची, मुगाच्या डाळीचा आणि बटाट्याचा तो रस्सा तिला इडलीबरोबर फार आवडायचा. पण दोन घास खाऊन हात धुवायची. रविवारच्या फोनला ती यायची नाही. माझी मुलगी तिकडून रडायची. "मीच तिला सांगितलं होतं ना, आई? दाखवून काम कर म्हणून?" तिने खोटं सांगितलं नव्हतं.

नकाराचं पत्र आलं. मुदत वाढणार नाही, देश सोडावा. जुना व्हिसा एव्हाना संपला होता, त्यामुळे देश सोडण्यासाठीही परवानगी काढावी लागणार होती, आणि त्यासाठी वेगळा अर्ज. तो अर्ज ह्यांनी भरला त्याच आठवड्यात तिचे वडील गेले.

सकाळची वेळ होती. ती पायऱ्या उतरून आली आणि शेवटच्या पायरीवर बसली. फोन पुढे केला. फोनवर कुणीतरी क्रेओलमध्ये बोलत होतं आणि मागे रडण्याचा आवाज होता. मी फोन घेतला, मला एक शब्द कळला नाही आणि सगळं कळलं.

ह्यांनी चेन्नईला फोन लावले. एकामागून एक. माणसं नीट बोलली. सगळ्यांनी सांगितलं की मृत्यूचा दाखला जोडा, लवकर करतो. दाखला तिथून यायला हवा होता, तिथे सुट्टी होती. दुसऱ्या दिवशी तिकडे अंत्यसंस्कार ठरला. थांबणार तरी किती?

आमच्या दिवाणखान्यात टेबलावर, जिथे माझ्या मुलीचा फोन ठेवायचो, तिथेच तिचा फोन उभा करून आम्ही तिघं बसलो. कुणी चुलतभाऊ तिकडून फोन धरून चालत होता, त्यामुळे सगळं हलत होतं. फुलं, माणसांचे पाय, एकदा तिच्या आईचा चेहरा अगदी जवळून. मध्येच चित्र थिजलं. तिने फोन उचलून हलवला, पुन्हा ठेवला. परत चित्र आलं तेव्हा धूर दिसत होता. ती ताठ बसून बघत होती. ह्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. ती म्हणाली, "काका, आवाज थोडा वाढवता?" आवाज वाढवला. तिकडे कोणीतरी मराठीत अभंग म्हणत होतं, फ्रेंच वळणाच्या उच्चारात.

दहाव्या दिवशी आम्ही तिला कावेरीवर नेलं. आमचे भटजी आधी कां कूं करत होते, मुलीच्या हातून कसं करायचं म्हणून. हे म्हणाले, "तिचे वडील, तीच पाणी देणार." एवढ्या कडक आवाजात ह्यांना बोलताना मी क्वचितच ऐकलं आहे. कावेरीत पाणी नव्हतं. धरणाचं पाणी सुटायला अवकाश होता आणि पात्रभर नुसती वाळू आणि झुडपं. घाटाच्या पायथ्याशी बोअरचा नळ आहे. त्याच्याखाली प्लास्टिकची बादली भरून घेतली, आणि तिने ओंजळीने तीळ आणि पाणी वाळूत सोडलं. पाणी लगेच जिरलं. भटजी मंत्र सांगत होते, ती शब्द मागून म्हणत होती, एकही उच्चार चुकला नाही.

देश सोडायची परवानगी त्यानंतर आली.

स्टेशनवर आम्ही दोघं गेलो. ती रडली नाही. गाडी यायच्या आधी ह्यांना म्हणाली, "काका, मी गेल्याचं त्या वेबसाइटवर कळवा. नाहीतर तुम्हाला त्रास होईल." हे मान हलवत राहिले. मला तिने वाकून नमस्कार केला आणि डब्यात चढली. खिडकीची काच काळी होती, ती कुठे बसली हे आम्हाला दिसलं नाही. गाडी सुटल्यावर आम्ही अंदाजानेच हात हलवत राहिलो.

ती आता तिकडे एका हॉटेलात रात्रपाळीला फोन उचलते. पदवी राहिली. इथल्या कॉलेजने तीन वर्षांच्या गुणपत्रिका अजून दिल्या नाहीत, ह्यांच्या खेपा चालू आहेत. पुन्हा भारताचा व्हिसा मिळेल का, तर कुणी नीट सांगत नाही. गल्लीतली ती पहिली नर्स कॅनडाला गेली. जाण्याआधी मिठाईचा पुडा घेऊन आली होती. "अक्का कुठे आहे?" तिने विचारलं. मधले महिने ती दुसऱ्या गावी कामाला होती, तिला काहीच माहीत नव्हतं. फ्रेंचचा वर्ग बंद झाला, म्हणजे अक्काची परीक्षा आली असेल, असं ती समजून होती. मी सांगितलं तेव्हा पुडा तसाच जिन्याच्या पायरीवर ठेवून ती परत गेली.

गेल्या गणेशचतुर्थीला मॉरिशसहून हिचा फोन आला. तिकडे घरी गणपती बसतो, तो तिने दाखवला. मग म्हणाली, "काकी, आईला तुमच्याशी बोलायचं आहे."

तिची आई पडद्यावर आली. बारीक, पांढरे केस, गळ्यात शिवणकामाची फीत तशीच. तिने हात जोडले, मीही जोडले. तिला मराठी येत नव्हतं, दोन-चार शब्द सोडले तर. ती क्रेओलमध्ये बराच वेळ बोलली आणि मग मुलीकडे पाहून थांबली.

मुलगी आईच्या शेजारी येऊन उभी राहिली. मग तिने सांगायला सुरुवात केली, तिच्या त्या शाळेतल्या मराठीत, कुठेही न अडखळता.

"आई म्हणते, तुम्ही माझ्या मुलीला जेवू घातलं, देव तुमचं भलं करो. आई विचारते... आई विचारते, खरे सांगा. माझ्या मुलीने तिथे काय वाईट केले? इथे लोक विचारतात. कोणी म्हणते मुलाबरोबर पळाली. कोणी म्हणते चोरी केली. सरकार उगाच कोणाला परत पाठवत नाही."

मी म्हटलं, "आईला सांग, तुजकडून काही वाईट झालें नाही. तू फ्रेंच शिकवलेंस."

तिने ते आईला सांगितलं. आईने मान हलवली आणि एकच वाक्य बोलली.

"आई विचारते, तेवढेच?"

"तेवढेंच."

तेही तिने सांगितलं. तिची आई पडद्यातून माझ्याकडे बघत राहिली. तिचा विश्वास बसला नव्हता हे मला दिसत होतं, आणि शेजारी उभ्या असलेल्या मुलीलाही दिसत होतं. मग आईने पुन्हा हात जोडले, हसल्यासारखं केलं आणि शिवणाच्या खोलीकडे निघून गेली.